फुटबॉलच्या वेड्यांचा हिवाळा

गावची जत्रा आली की कुस्त्यांचा फड भरतो. आपल्या तालमीचा पैलवान दुसऱ्या गावी लढायला निघाला, तर चार माणसे त्याच्याबरोबर जातातच. कुणी एसटीने जातो, कुणी टेम्पोत उभा राहून. पैलवान जिंकला तर गुलाल, हरला तर मुकाट्याने घरी. यात त्या माणसांना मिळते काय? पैसा नाही, मानपान नाही. उलट पदरचेच चार पैसे जातात. तरी पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर!

इंग्लंडात असेच वेड फुटबॉलचे आहे. तिथे जवळजवळ प्रत्येक शहराला आपला संघ आहे. बाप ज्या संघाचा, मुलगा त्याच संघाचा. घर बदलते, नोकरी बदलते, पण संघ बदलत नाही. संघ बदलणाऱ्याला लोक हसतात. अशा एका संघाच्या मागे हिंडणाऱ्या माणसाचा हिवाळा कसा जातो, ते आपण पाहू.

आता तुम्ही म्हणाल, हिवाळाच का? तिकडे तर हाडे गोठवणारी थंडी. मग खेळायला उन्हाळा काय वाईट?

त्याचे उत्तर क्रिकेटमध्ये आहे. इंग्लंडचा उन्हाळा सौम्य आणि कोरडा. तो क्रिकेटने आधीच धरून ठेवला होता. शेफील्ड नावाच्या शहरात क्रिकेट खेळणारी काही मंडळी होती. हिवाळ्यात अंग आखडून बसण्यापेक्षा काहीतरी खेळावे, म्हणून त्यांनी 1857 साली फुटबॉलचा क्लब काढला. तो क्लब आजही आहे. फुटबॉल हा असा क्रिकेटने सोडलेल्या दिवसांत वाढला. आजही तिकडचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. मधला सगळा हिवाळा खेळात जातो.

दुसरे कारण गिरण्यांचे. पूर्वी गिरणी कामगाराला सहा दिवस काम आणि रविवारी प्रार्थना. खेळ पाहायला वेळ कुठला? 1850 साली एक कायदा झाला. कापडगिरण्यांतल्या बायका आणि पोरे यांना शनिवारी दुपारी दोनला सोडले पाहिजे, असे त्यात होते. ती गेली की गिरणी कशी चालणार? म्हणून पुरुषही सुटू लागले. दोनला सुटायचे, चार घास खायचे आणि तीनला मैदानावर. ही शनिवारची तीनची वेळ तिथल्या लोकांच्या अंगात भिनली आहे. 1888 साली बारा संघांनी मिळून साखळी स्पर्धा सुरू केली. साखळी म्हणजे काय? प्रत्येक संघाने दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळायचे. एकदा आपल्या गावात, एकदा त्यांच्या गावात.

बारांचे वाढत वाढत आज ब्याण्णव संघ झाले आहेत. त्यांचे चार गट आहेत, एकावर एक, माडीसारखे. सगळ्यात वरच्या माडीवर वीस संघ, खालच्या तिन्हींवर चोवीस-चोवीस. वर्षाअखेर वरच्या गटातले तळाचे संघ खाली उतरतात आणि खालच्या गटातले पहिले संघ वर चढतात. जिंकलात तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक, हरलात तर शून्य. वरच्या माडीवर पैसा फार, खाली कमी. म्हणून खाली उतरणे म्हणजे नुसती नामुष्की नव्हे. चांगले खेळाडू सोडून जातात, नोकरांवर गदा येते. चाहता गुणांची बेरीज करीत बसतो ती यासाठी. आपला शेतकरी आभाळाकडे बघतो ना, तसा तो गुणांच्या तक्त्याकडे बघतो.

इंग्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यात प्लिमथ नावाचे बंदर आहे. लढाऊ जहाजांची मोठी गोदी तिथे आहे. 1620 साली मेफ्लॉवर नावाचे गलबत इथूनच अमेरिकेला गेले. तिथला फुटबॉलचा संघ म्हणजे प्लिमथ अर्गाइल. तो 1886 साली निघाला. कपडे हिरवे, मैदानाचे नाव होम पार्क. हा संघ सगळ्यात वरच्या गटात आजवर एकदाही गेलेला नाही. तरी थंडीवाऱ्यात हजारो माणसे होम पार्कवर जमतात.

प्लिमथच्या चाहत्याची खरी परीक्षा अंतराची. शहर एका टोकाला. त्यामुळे बाहेरगावचा सामना म्हटला की लांबचा पल्ला. 2024-25 च्या हंगामात संडरलंड नावाचे शहर त्याच्याच गटात होते. ते पार ईशान्येला. मोटारीने साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून निघावे, पणजी गाठावी आणि वर आणखी पुढे जावे, इतके. नव्वद मिनिटांच्या खेळासाठी एवढे जायचे आणि रातोरात एवढेच परत यायचे. सकाळी कामावर हजर राहायचे ते वेगळेच.

त्याच हंगामातला प्लिमथचा हिवाळा आपण घेऊ. तो फार धावपळीचा होता.

डिसेंबरच्या 25 तारखेला नाताळ. आपल्याकडे दिवाळीला जसे लेकीजावई, नातवंडे जमतात, तसे तिथे त्या दिवशी घर भरते. दुसरा दिवस, 26 तारीख, हीही सुट्टी. या दिवशी फुटबॉल खेळायची जुनी चाल आहे. पूर्वी तर खुद्द नाताळच्या दिवशीही सामने होत. नाताळला एका गावी आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी, त्याच दोन संघांत! पुढे लोकांना सण घरी काढावासा वाटू लागला. रेल्वे आणि बसवाल्यांनाही सुट्टी हवी होती. 1965 नंतर इंग्लंडात नाताळचे सामने बंद झाले. पण 26 तारीख राहिली.

या 26 तारखेच्या गमती फार आहेत. 1963 साली त्या दिवशी वरच्या गटात दहा सामने झाले आणि त्यांत तब्बल 66 गोल झाले. फुलहॅमने इप्सविचला 10-1 असे लोळवले. वेस्ट हॅमला घरच्या मैदानावर ब्लॅकबर्नने आठ गोल मारले. दोनच दिवसांनी हेच संघ पुन्हा समोरासमोर आले. या वेळी इप्सविचने फुलहॅमला 4-2 असे हरवले आणि वेस्ट हॅमने ब्लॅकबर्नला 3-1. आता सांगा, कुणी कशावर भरवसा ठेवावा?

आता 2024 कडे येऊ. त्या साली 26 डिसेंबरला प्लिमथला कॉव्हेंट्री शहरात खेळायचे होते. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूरहून निघून पुणे ओलांडावे आणि नारायणगाव मागे टाकावे, साधारण तेवढे. नाताळच्या दिवशी तिथे रेल्वे चालत नाही आणि दुसऱ्या दिवशीही बहुतेक मार्ग बंदच असतात. मग चाहते काय करतात? भाड्याची मोठी बस करतात, नाहीतर चौघे मिळून एका मोटारीत बसतात आणि तेलाचा खर्च वाटून घेतात. अंधारातच निघायचे. डिसेंबरात तिथे सकाळी आठपर्यंत उजाडत नाही आणि दुपारी चारला दिवस मावळतो. अंगात तीन-तीन कपडे, गळ्यात हिरवी मफलर. जुन्या काळी ही मफलर आई किंवा आजी घरी विणून द्यायची. बरोबर गरम चहा आणि खायला पेस्टी. पेस्टी म्हणजे थेट आपल्या करंजीच्या आकाराचा पदार्थ. पण चांगली मोठी आणि आत सारण मांस, बटाटा आणि कांद्याचे. त्या भागातले खाणीतले मजूर ती खिशात टाकून कामावर नेत.

एवढे करून गेले आणि प्लिमथ हरले, 4-0. तीन दिवसांनी, 29 तारखेला, ऑक्सफर्डला सामना. पुन्हा तीनशे किलोमीटर जाणे आणि तेवढेच येणे. तिथेही हरले, 2-0. म्हणजे चार दिवसांत चाहत्याने बाराशे किलोमीटरवर प्रवास केला आणि आपल्या संघाचा एकही गोल पाहिला नाही. 31 तारखेला संघाचे प्रशिक्षक वेन रूनी यांनी पद सोडले. स्वतः खेळत होते तेव्हा ते इंग्लंडचे फार मोठे खेळाडू होते. पण मोठा पैलवान वस्ताद म्हणूनही मोठा ठरतो असे नाही, हे तालमीत वावरलेल्यांना सांगायला नको. दुसऱ्या दिवशी 1 जानेवारी. घरच्या मैदानावर ब्रिस्टल सिटीशी सामना. तो 2-2 असा बरोबरीत सुटला. आठवड्यात तीन सामने आणि पदरात गुण एक!

अशा वेळी घरात काय होत असेल? सणासुदीला घरधनी बाहेर. तिकीट, बसभाडे, वाटेत खाणे, सगळ्याला पैसे. वरच्या गटात पाहुण्या संघाच्या चाहत्याकडून तिकिटाचे तीस पौंडांहून जास्त घ्यायचे नाहीत, असा नियम 2016 पासून आहे. चाहत्यांनी ओरड केली तेव्हा तो झाला. खालच्या गटांना तो लागू नाही. आम्हाला वाटते, खर्चाचा हिशेब घरच्यांपुढे मांडूनच हे वेड करावे. पुष्कळ घरांत आता बायका आणि मुलीही मफलर गुंडाळून बरोबर निघतात. तिथे भांडणाचे कारण थोडे कमी झाले असेल!

थंडीचा आणखी एक त्रास आहे. सामना होईल की नाही, हेच कळत नाही. रात्री दव पडून गोठले की मैदान दगडासारखे होते. सकाळी पंच मैदानावर फिरतो. टाच रुतते का, चेंडू उसळतो का, ते बघतो. धोका वाटला तर सामना पुढे ढकलतो. तेव्हा चाहता कुठे असतो? निम्म्या वाटेवर. तिकीट पुढच्या तारखेला चालते, पण बसभाडे कोण देणार? आणि पुढची तारीख पडते आठवड्यात मधल्याच दिवशी, रात्रीची. म्हणजे कामावरून रजा.

1962 च्या डिसेंबरात बर्फ पडू लागले ते मार्चपर्यंत हटेना. इंग्लंडात एफ. ए. कप नावाची जुनी स्पर्धा आहे. ती बाद पद्धतीची, म्हणजे हरला तो बाहेर. तिची तिसरी फेरी 5 जानेवारी 1963 ला सुरू झाली आणि 11 मार्चला संपली. एका फेरीला 66 दिवस! हॅलिफॅक्सच्या संघाने तर आपल्या गोठलेल्या मैदानावर लोकांना पैसे घेऊन बर्फावर घसरायला सोडले. नुकसान थोडे तरी भरून निघावे म्हणून. तिकडे सामन्यांच्या निकालांवर पैसे लावायची चाल होती. सामनेच नाहीत, तर जुगार कसा चालणार? मग माजी खेळाडूंना एका खोलीत बसवले आणि न झालेल्या सामन्यांचे निकाल त्यांच्याकडून ठरवून घेतले! जुगाराचे दुकान बर्फानेही बंद पडले नाही. यावर आम्ही जास्त काही बोलत नाही.

पुढे यावर उपायही निघाले. एव्हर्टन संघाने 1958 सालीच आपल्या मैदानाच्या मातीखाली विजेच्या तारा घालून जमीन ऊबदार ठेवायचा प्रयत्न केला होता. आता वरच्या गटात जमिनीखाली अशी ऊब देण्याची सोय सक्तीची आहे. अंधारावर दिवे आले. 1956 पासून साखळी सामने दिव्यांखाली होऊ लागले. त्यामुळे आठवड्यात मधल्या दिवशी रात्री खेळता येऊ लागले आणि सामन्यांची संख्या वाढली.

थंडीपेक्षा मोठा धोका गर्दीचा. 2 जानेवारी 1971 ला ग्लासगो शहरात, म्हणजे स्कॉटलंडात, रेंजर्स आणि सेल्टिक यांचा सामना होता. सामना संपला. हजारो लोक एका उंच जिन्यावरून बाहेर पडत होते. कुणीतरी पडले आणि मागचे त्याच्यावर कोसळत गेले. 66 माणसे चेंगरून मेली. त्यांत शाळकरी मुले पुष्कळ होती. त्या जिन्यावर आधीही अपघात झाले होते. पण पुरता बंदोबस्त झाला नव्हता. या दुःखातून 1975 साली मैदानांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. तुम्हीही कुठे जत्रेला, सामन्याला गेलात, तर आधी बाहेर जायची वाट बघून ठेवा. शेवटी सगळ्यांबरोबर लोटालोटी करू नका. दहा मिनिटे उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही.

संघ हरतो, ते चाहता सोसतो. पण संघच बुडायला लागला तर? असेही होते. क्लब म्हणजे शेवटी एक धंदा आहे. मालक कर्ज काढतो, मैदान विकतो आणि शंभर वर्षांचा संघ रस्त्यावर येतो. ब्रायटन नावाचे समुद्रकाठचे शहर आहे. तिथल्या संघाचे मैदान मालकांनी विकून टाकले. 1996-97 च्या हिवाळ्यात संघ चारही गटांच्या अगदी तळाशी होता. आणखी घसरला असता तर साखळीतूनच बाहेर. तेव्हा प्लिमथच्या एका पंधरा वर्षांच्या पोराने कल्पना काढली. सगळ्या संघांच्या चाहत्यांनी एक दिवस ब्रायटनला जमावे. 8 फेब्रुवारी 1997 ला खरोखरच गावोगावचे चाहते आपापले रंग घालून तिथे आले. लाल, निळे, पिवळे, हिरवे, सगळे एका बाजूचे. एरवी हीच माणसे एकमेकांना शिव्या देतात, बरे का! त्या दिवशी ब्रायटनने 5-0 असा विजय मिळवला. संघ तगला. पुढे 2011 साली त्याला स्वतःचे नवे मैदान मिळाले आणि 2017 साली तो वरच्या गटात पोचला.

2011 साली पाळी प्लिमथवर आली. क्लबवर कर्ज चढले. खेळाडू आणि नोकरांना कित्येक महिने पगार नाही. तिकीट विकणारे, कपडे धुणारे, मैदानाचे गवत राखणारे, सगळे तसेच काम करीत राहिले. चाहत्यांनी वर्गणी गोळा केली. आता दुसऱ्या संघांचे चाहते होम पार्कवर आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नवा मालक मिळाला आणि संघ वाचला. म्हणून म्हणतो, ती हिरवी मफलर नुसती हौसेची वस्तू नाही.

कोल्हापूरच्या वाचकांना हे परके वाटणार नाही. तिथे फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल. पेठेपेठेचा जीव आपल्या संघात. शाहू स्टेडियमवर सामना असला की सबंध पेठ तिथे.

आता पुन्हा 2025 च्या त्या हिवाळ्याकडे. प्लिमथला नवे प्रशिक्षक मिळाले. 11 जानेवारीला एफ. ए. कपात वरच्या गटातल्या ब्रेंटफर्डशी सामना होता, लंडनमध्ये. कुणाला आशा नव्हती. प्लिमथ 1-0 असे जिंकले. गोल करणारा खेळाडू थोड्याच दिवसांत दुसऱ्या क्लबने विकत घेतला. जानेवारीत तिथे खेळाडूंची खरेदी-विक्री चालते. बैलबाजारच म्हणा. आवडता खेळाडू जातो आणि चाहता हात चोळीत बसतो. त्याच महिन्यात घरच्या मैदानावर बर्न्लीने पाच गोल मारले. संघ गटात शेवटचा, चोवीसांत चोविसावा.

आणि कपाच्या पुढच्या फेरीत समोर कोण? लिव्हरपूल! त्या वेळी सबंध इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर असलेला संघ. तारीख 9 फेब्रुवारी, रविवार. होम पार्कवर सतरा हजारांच्या आसपास माणसे. लिव्हरपूलने आपले बरेच मोठे खेळाडू विश्रांतीला ठेवले होते. तरी त्यांची दुय्यम फळीही प्लिमथपेक्षा कितीतरी महाग. पहिल्या डावात गोल नाही. दुसऱ्या डावात लिव्हरपूलच्या खेळाडूच्या हाताला चेंडू लागला. पंचाने पेनल्टी दिली. रायन हार्डीने ती मारली. 1-0! अजून सदतीस मिनिटे उरली होती. लिव्हरपूलने मारा सुरू केला. गोलरक्षक आडवा पडून चेंडू अडवीत होता, बाकीचे अंगावर झेलत होते. वेळ संपली, तर पंचाने वर जादा मिनिटे दिली. लोक घड्याळाकडे बघवत नाही म्हणून डोळे झाकून उभे. अखेर शिट्टी वाजली.

कॉव्हेंट्रीहून आणि ऑक्सफर्डहून मान खाली घालून परतलेली माणसे त्या दिवशी तिथे होती. थोरली माणसे लहान पोरासारखी रडली.

पुढच्या फेरीत मँचेस्टर सिटीने प्लिमथला 3-1 असे हरवले. मे महिन्यात साखळी संपली, तेव्हा प्लिमथचे गुण कमी पडले आणि संघ खालच्या गटात उतरला. ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू झाला. गट नवा, म्हणून गावेही नवी. चाहत्यांनी नकाशा काढला आणि कुठले गाव किती लांब आहे ते पाहू लागले.